आठवड्यातून बारा तास नुसती उभी राहणारी गाडी: कुठल्या इंधनावरची घ्यावी?

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. गाडी बदलायची आहे आणि दोन महिने झाले तरी निर्णय होत नाहीये. ज्याला विचारावं तो आधी विचारतो, "रोजचं रनिंग किती?" आकडा सांगितला की त्याचं उत्तर तयार असतं. माझ्या गाडीचं दुखणं मात्र त्या एका आकड्यात मावत नाही, म्हणून सगळं नीट लिहिते. थोडं लांबेल.

सध्याची गाडी डिझेल, नऊ वर्षं झाली. घेतली तेव्हा माझी फिरतीची नोकरी होती, महिन्याला अडीच हजार किलोमीटर सहज व्हायचे. गाडीने कधी कुरकुर केली नाही. दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या निकामी झाल्या आणि सगळंच बदललं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. पहाटे पावणेसहाला घर सोडायचं, सेंटर नऊ किलोमीटरवर. आईला आत पोचवलं की चार तास मी गाडीत. सोबतच्या माणसांना आत बसू देत नाहीत आणि माझं काम लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे गाडी हेच त्या दिवशीचं ऑफिस. उन्हाळ्यात एसी, थंडीत हीटर, इंजिन चालूच. मंगळवार आणि गुरुवार खरं ऑफिस, २१ किलोमीटर जायचं, २१ यायचं. महिन्यातून एकदा आईला घेऊन भावाकडे, १९० किलोमीटर, मुक्काम करून परत.

गेल्या वर्षभरात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा तीनदा लागला. पहिल्यांदा साफ करून घेतला. दुसऱ्यांदा मेकॅनिकने "जरा हायवेला फिरवून आणा" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा मी स्वतः ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर, आणि पट्टीला डिझेलचा वास. मी तर कधी ऑइल घातलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, आता ही गाडी पुरे.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी. आईची व्हीलचेअर डिकीत जाते. घडी घातल्यावर ती ३० सेंटीमीटर जाड होते, वजन १६ किलो. ती मी एकटीने उचलते. आई खुर्चीवरून सीटवर बाजूने सरकते, तिला उभं राहवत नाही.

तर सीएनजी, साधं पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक? नवीन मॉडेलांच्या जाहिरातींत प्रत्येक गाडी हायब्रिड असल्यासारखी वाटते, त्यातलं खरं हायब्रिड कुठलं हेही कळत नाही. पार्किंग माझ्या नावचं आहे, पण चार्जिंगसाठी लागणारा विजेचा मीटर तिथून लांब आहे.

जुना_फिटर

ताई, एकतीस वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून आधी ऑइलचं सांगतो. ते वाचल्यावर बाकीचं आपोआप समजेल.

डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तोच तुमचा डीपीएफ. ती भरत आली की गाडी स्वतःच काजळी जाळून टाकते. त्यासाठी जाळीत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती कशी आणायची? इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं, ते पुढे जाऊन पेटतं. पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात गाडी चालली की काम पुरं. तुम्ही नऊ किलोमीटरवर इंजिन ढिम्म उभं करता. फवारणी सुरू होते, मध्येच थांबते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी वर दिसली ती याच्यामुळे. ऑइल वाढलेलं नसतं, पातळ झालेलं असतं, आणि पातळ ऑइल बेअरिंगला धरत नाही. गाडी विकेपर्यंत तरी आधी ऑइल बदलून घ्या. तुमच्याकडून काही चूक झाली नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला तुमचं आत्ताचं वेळापत्रक झेपत नाही, एवढंच.

म्हणून नवीन डिझेल कितीही चांगलं आलं तरी तुमच्यासाठी नाही. उलट नव्या गाड्यांत त्या जाळीच्या जोडीला युरियाच्या पाण्याची टाकी आणि आणखी सेन्सर आले आहेत. हायवेवाल्याने खुशाल घ्यावी.

सीएनजीबद्दल माझं मत चांगलं आहे. मिथेन स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ नाही, ऑइल बराच काळ काळं होत नाही. एक किलो गॅसमध्ये जवळपास दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. तोटा असा की हवेची जागा गॅस खातो, म्हणून दम थोडा कमी पडतो, चढावर माणसं भरली की जाणवतं. गॅस कोरडा, त्यामुळे इंजिनातला व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याची, म्हणजे व्हॉल्व्ह सीटची, झीज जास्त. म्हणून बाहेरून किट बसवण्यापेक्षा कंपनीने सीएनजीसाठीच व्हॉल्व्ह सीट बदलून दिलेलं इंजिन घ्यावं. स्पार्क प्लग वेळेवर बदलावेत, आणि पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नये.

पण तुमच्या खुर्चीचं काय? २०० बारच्या दाबाचा ६० लिटरचा सिलिंडर डिकीत आडवा बसला की उरलेल्या फटीत व्हीलचेअर जात नाही. ही अडचण ओळखून टाटांनी २०२३ साली अल्ट्रोझमध्ये एका मोठ्याऐवजी ३०-३० लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या फरशीखाली बसवले. ती मांडणी तुमच्या कामाची आहे. तरी कागदावरचे डिकीचे लिटर बघून घेऊ नका, खुर्ची घेऊन जा आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. फरशी वर आली की खुर्ची तेवढी जास्त उंच उचलावी लागते. तुमच्या कंबरेचा प्रश्न आहे.

इथेनॉलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के मिसळलं तर टाकीतली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, मायलेज साधारण तेवढंच उतरतं. त्यासाठी बनवलेल्या इंजिनाला काही होत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र तपासायच्या. ब्राझीलमध्ये २००३ पासून कुठल्याही प्रमाणात पेट्रोल आणि इथेनॉल चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या रोजच्या वापरात आहेत, तेव्हा तंत्र नवखं नाही.

शून्यधूर

मी चार वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. काकांनी डिझेलचं दुखणं बरोबर पकडलं. पण ताई, तुमच्या लिहिण्यात एक आकडा दडलाय, तो सगळ्यांनी बघावा.

तीन दिवस, चार-चार तास, म्हणजे आठवड्याला बारा तास इंजिन उभ्या-उभ्या चालू. एसी लावून उभं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. मधला पाऊण धरू, नऊ लिटर. आता धावणं मोजू. डायलिसिसचे ५४ किलोमीटर, ऑफिसचे ८४, एकूण १३८. लिटरला सोळा धरले तर साडेआठ लिटर. म्हणजे तुमची गाडी जेवढं इंधन चालायला खाते, तेवढंच उभी राहायला खाते. हे कुठल्याही मायलेजच्या आकड्यात येत नाही, कारण मायलेज किलोमीटरवर मोजतात आणि उभ्या गाडीचे किलोमीटर शून्य.

असं का होतं? पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट, म्हणजे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. एसीला लागते तासाला जेमतेम एक युनिट. बाकी सगळं इंजिन स्वतः फिरत राहण्यात आणि उष्णतेत जातं. इलेक्ट्रिकमध्ये एसी थेट बॅटरीवर चालतो. तुमचे बारा तास म्हणजे फार तर बारा युनिट. धावायला किलोमीटरला ०.१५ युनिट धरलं तर १३८ किलोमीटरला एकवीस. दोन्ही मिळून तेहतीस, आणि चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात ते धरून सदतीस-अडतीस. तुमच्याकडचा युनिटचा आणि लिटरचा दर लावून स्वतः गुणाकार करा. माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, ही विनंती. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पेट्रोलवर गेलात तर हा धोका डिझेलपेक्षा जास्त.

आता माझ्या गाडीने मला जे शिकवलं ते. पहिली गोष्ट सॉकेट. सुरुवातीला मी भिंतीतल्या साध्या १५ अँपियरच्या सॉकेटला लावायचो. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ तास तोच करंट खेचते. एका सकाळी प्लग काढायला गेलो तर बोटाला चटका बसला. सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका भोकाभोवती तपकिरी झालं होतं आणि आतली पितळी पट्टी सैल पडली होती. त्यानंतर स्वतंत्र वायर, करंट जास्त झाला तर तोडणारा स्वतंत्र एमसीबी, करंट गळाला तर तोडणारा आरसीसीबी आणि निळं औद्योगिक सॉकेट बसवून घेतलं. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नाही. अर्थिंग चांगलं नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

दुसरी गोष्ट बारा व्होल्टची छोटी बॅटरी. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते, कुलूप, दिवे, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीचा मुख्य स्विच तिच्यावर चालतो. इंजिनाच्या गाडीत ती म्हातारी झाली की स्टार्टर कण्हतो, आपल्याला कळतं. इथे कण्हायला स्टार्टरच नाही. साडेतीन वर्षांनी एका पहाटे माझी गाडी उघडेचना. मोठ्या बॅटरीत ७० टक्के चार्ज आणि गाडी दगडासारखी. किल्लीच्या खोक्यात लपवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बाहेरून बारा व्होल्ट दिले, तेव्हा जागी झाली. डायलिसिसच्या दिवशी असं झालं तर काय, हा विचार करून सांगतोय: तीन वर्षं झाली की तपासून घ्या, वाट बघू नका.

तुम्हाला ज्या मॉडेलमध्ये तासन् तास बसायचंय त्यात एवढा वेळ एसी चालू ठेवायची सोय आहे का हे आधी विचारा. काही गाड्या चालकाने काही केलं नाही की अर्ध्या-पाऊण तासाने एसी बंद करतात. ह्युंदाई आणि कियाच्या इलेक्ट्रिक गाड्यांत यासाठी युटिलिटी मोड आहे, टेस्लात कॅम्प मोड.

दोन_मोटरी

पहाटपाळी, तुमचा "खरं हायब्रिड कुठलं" हा प्रश्न कुणी घेतला नाही, तो मी घेतो. सात वर्षं हायब्रिड वापरतोय.

एकच गोष्ट विचारायची: ही गाडी फक्त विजेवर चाक फिरवते का? नाही म्हणाले तर ते माइल्ड हायब्रिड. त्यात अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, जागी जरा मोठी मोटर असते, सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना हातभार लावते. वाईट काही नाही, पण तुमच्या चार तासांत त्याचा काही उपयोग नाही, तिथे इंजिनच चालू राहणार. हो म्हणाले तर स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासूनची ही जात. इंजिन, जनरेटर आणि मोटर एका ग्रहमाला-गिअरने जोडलेले, ना क्लच ना नेहमीचा गिअरबॉक्स. स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, म्हणजे ते बिघडायचा प्रश्नच येत नाही. निसानची ई-पॉवर (२०१६ च्या 'नोट' या गाडीपासून) आणखी वेगळी, त्यात इंजिन फक्त वीज बनवतं, चाक कायम मोटरच फिरवते. यांच्यापैकी कुठलीही बाहेरून चार्ज करायची नसते. बाहेरून करता आली तर ती प्लग-इन हायब्रिड. ती रोज चार्ज करणाऱ्यालाच परवडते, नाहीतर जड बॅटरी नुसती वाहून न्यायची.

उभं राहण्याबद्दल माझा अनुभव: एसी लावून थांबलं की इंजिन मधूनमधून तीन-चार मिनिटांसाठी सुरू होतं, बॅटरी भरतं, गप्प बसतं. तासाला पाव लिटरच्या आसपास जातं, कडक उन्हात थोडं जास्त. तुमच्या हिशेबात नऊचे तीन-चार लिटर होतील. पण शून्यधूर यांनी सांगितलेला बंद पार्किंगचा धोका इथेही आहे, आणि जास्त फसवा आहे, कारण गाडी शांत असते आणि इंजिन न विचारता सुरू होतं.

चार्जिंगची सोय होणारच नसेल तर स्ट्राँग हायब्रिड घ्या, डोळे मिटून. भावाकडे जाताना काही विचार करावा लागणार नाही. फक्त बॅटरी मागच्या सीटखाली आहे की डिकीत, तेवढं बघा, आणि सीटजवळ बॅटरी गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी असेल तर तिच्यावर चादर-पिशवी पडू देऊ नका. आईसाठी पांघरूण ठेवत असाल म्हणून मुद्दाम लिहिलं.

पहाटपाळी

तुम्हा तिघांचं लिहिणं मी प्रिंट काढून आईला वाचून दाखवलं. ऑइल पुढच्याच दिवशी बदललं, काका. जुनं ऑइल पाण्यासारखं वाहत होतं.

तो नऊ लिटरचा आकडा वाचून मी सुन्न झाले. खात्री करायची म्हणून बुधवारी टाकी फुल केली, शुक्रवारच्या चार तासांच्या आधी पुन्हा फुल केली, नंतर लगेच पुन्हा. चार तासांचे २.७ लिटर. म्हणजे आठवड्याला आठ. दोन वर्षं मी मायलेज बघून खूश होते आणि हे माझ्या डोळ्यांसमोर जळत होतं, सेंटरच्या खिडक्यांखाली, जिथे आजारी माणसं श्वास घेतात.

आता तीन शंका. भावाच्या गावापर्यंत १९० किलोमीटर न थांबता जाता येईल का? आईला वाटेत ताटकळत ठेवायचं नाही. दुसरं, बॅटरी किती वर्षं टिकते? तिसरं, हायड्रोजनबद्दल कुणीच का लिहिलं नाही?

शून्यधूर

१९० किलोमीटर. ताशी ८०-९० च्या वेगाने किलोमीटरला ०.१६ युनिट धरा, ३० युनिट झाले. उलटा वारा, पाऊस, हीटर असं सगळं एकदम आलं तर वीस टक्के वाढवा, ३६. म्हणजे ४५ युनिटची बॅटरी घेतलीत तर न थांबता पोचाल आणि हाताशी थोडं उरेल. ३० युनिटची घेतलीत तर वाटेत थांबावंच लागेल. जाहिरातीतली रेंज बघू नका, बॅटरीचे युनिट बघा आणि ०.१६ ने भागा. भावाकडे चांगल्या अर्थिंगचं १५ अँपियरचं सॉकेट असलं तर रात्रभरात दहा तासांत २५-२७ युनिट भरतात, मुक्काम एक रात्र वाढला तर पूर्णच. तिथलं सॉकेटही आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, मी चटका खाल्लाय.

बॅटरी दोन जातींची मिळते. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट: वजनाला हलकी, लांब पळते, पण रोज शंभर टक्के भरलेली तिला आवडत नाही, ऐंशीवर थांबायचं. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट: तेवढ्याच युनिटला जड, पण चार्जिंगची आवर्तनं कितीतरी जास्त सोसते, तापली तरी सहज पेट घेत नाही, निकेल-कोबाल्ट लागत नाही. तिला उलट अधूनमधून शंभरपर्यंत भरावं, कारण तिचा व्होल्टेज बराच वेळ एकाच पातळीवर राहतो आणि गाडीला किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकतो. कडाक्याच्या थंडीत मात्र ती हळू भरते. बीवायडीची २०२० ची ब्लेड बॅटरी याच जातीची. तुमच्या वापराला मी एलएफपीच सांगेन. वॉरंटी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि तोवर क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर कंपनी बघते. अट वाचून घ्या. बॅटरी द्रवाने गार होते का, हेही विचारा. नुसत्या हवेवर अवलंबून असलेल्या बॅटऱ्या उष्ण हवेत लवकर थकतात, हे पहिल्या पिढीच्या गाड्यांत दिसून आलं आहे.

हायड्रोजन: टोयोटाची मिराई २०१४ पासून आहे, पाच मिनिटांत टाकी भरते, धुराड्यातून पाणी. पण विजेपासून हायड्रोजन बनवायचा, ७०० बारला दाबायचा, गाडीत पुन्हा त्याची वीज करायची. सुरुवातीच्या विजेतली निम्म्याहून कमी चाकापर्यंत पोचते, बॅटरीत पाऊण किंवा जास्त. आणि पंप नसेल तर गाडीचा उपयोग शून्य. ट्रक आणि बससाठी कदाचित. तुमच्यासाठी नाही.

जुना_फिटर

ताई, मीही कालपासून विचार करतोय. मी इंजिनाचा माणूस, पण तुमच्या वेळापत्रकाला इलेक्ट्रिक बसते, हे मान्य करतो. दोन गोष्टी सांगतो ज्या विक्रेता सांगणार नाही.

ब्रेक. मोटरच गाडी थांबवते, म्हणून ब्रेक पॅड वर्षानुवर्षं नवे राहतात, पण डिस्क न घासल्यामुळे गंजते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर पायाने चांगला ब्रेक दाबा. दुसरं, गाडी जड असते आणि जोर एकदम येतो, टायर लवकर झिजतात. हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

आणि सीटची उंची मोजा. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून ५० सेंटीमीटरच्या आसपास असते. गाडीची सीट त्याच्या जवळपास असली की आईंना सरकता येईल. खाली असली तर उतरताना चढ चढावा लागतो, वर असली तर बसताना. दार पूर्ण उघडल्यावर खुर्ची सीटला चिकटून उभी राहते का तेही बघा, उंबऱ्याची पट्टी आड येते. माझ्या वडिलांसाठी मी हे सगळं गाडी घेतल्यावर मोजलं होतं.

पहाटपाळी

साडेपाच आठवड्यांनी लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा जीव ओतून लिहिलंत.

मोजपट्टी, व्हीलचेअर आणि आई, तिघांना घेऊन चार गाड्या बघितल्या. आईच्या खुर्चीची बैठक ५१ सेंटीमीटर. पहिली गाडी खाली बसकी, सीट ४४. आई आत सहज सरकली, पण बाहेर येताना तिचा हात दाराच्या पट्टीवर थरथरत होता. दुसरी उंच, ६६, तीत चढताच आलं नाही. सीएनजीची तिसरी गाडी मनापासून आवडली होती, खुर्ची डिकीत बसलीही, पण फरशी वर आल्यामुळे १६ किलो जवळजवळ छातीपर्यंत उचलावे लागले, रोज नाही जमणार. चौथीची सीट ५४. आईने दोन्ही हात टेकले, एकदा श्वास घेतला आणि सरकली. माझ्या मदतीशिवाय. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती आत बसून नुसती समोर बघत राहिली, मीही काही बोलले नाही.

ती गाडी इलेक्ट्रिक आहे, लोह-फॉस्फेटची बॅटरी, ४५ युनिट. मी त्यांना म्हटलं, मला चालवून बघायची नाही, उभी करून बघायची आहे. एका शुक्रवारी चाचणीची गाडी घेऊन सेंटरला गेले. एसी २५ वर, लॅपटॉप चार्जिंगला, चार तास. ८२ टक्क्यांवरून ७३ वर आली. आवाज नाही, थरथर नाही. माझी पाठ कशी दुखते ते मला गेली दोन वर्षं इंजिनाच्या थरथरीमुळे कळतच नव्हतं. आई बाहेर यायच्या दहा मिनिटं आधी हीटर लावला, कारण डायलिसिसनंतर तिला थंडी भरते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने येऊन विचारलं, "आज गाडी बंद ठेवून बसलात का?"

मीटरपासून पार्किंगपर्यंत ३८ मीटर वायर लागतेय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, इतक्या लांबीला ४ चौरस मिलिमीटरची वायर चालेल, पण मी ६ ची घालून घेतेय, पुढे मोठा चार्जर लावायचा झाला तर पुन्हा खोदायला नको. एमसीबी, आरसीसीबी, निळं सॉकेट, अर्थिंग नवीन. सोसायटीची परवानगी मिळाली आहे, शेजारच्या दोघांनीही त्याच चरातून आपापल्या वायरी टाकून घेतल्या.

गाडी पुढच्या गुरुवारी येतेय. शून्यधूर, एकच विचारायचं राहिलं. चार्जिंगची केबल जमिनीवर पसरली तर खुर्चीचं पुढचं लहान चाक तिच्यात अडकेल. तुम्ही केबल भिंतीवर वरून आणता का, आणि हूक किती उंचीवर लावलाय?

शून्यधूर

वरूनच आणतो. हूक १९० सेंटीमीटरवर, गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाच्या बरोबर समोर. केबल हुकावरून लोंबते आणि सरळ गाडीत जाते, जमिनीला टेकत नाही. तुमच्या गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, पुढे, डावीकडे की उजवीकडे, आणि मगच सॉकेटची जागा ठरवा. आई ज्या दारातून उतरते ती बाजू पूर्ण मोकळी राहायला हवी. इलेक्ट्रिशियन भिंत फोडायच्या आधी गाडी रिव्हर्स लावायची की सरळ, हे ठरवून टाका.